मामाचं ‘ओव्हर’

समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा अख्ख्या मराठवाड्यात एकच माणूस उरलाय, तो म्हणजे माझा भोकरचा मामा. हा काही संतपणा नव्हे. त्याची सगळी नोकरी सरकारी वायरलेसवर गेली. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, आणि आपलं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचं. नोकरी सुटली, ओव्हर सुटलं नाही. भाजीवालीला म्हणतो, “मेथी कशी दिली माय? ओव्हर.” आणि ती बोलेपर्यंत गप उभा. मोबाइलवर बोलतानाही अंगठा फोनच्या कडेला गच्च दाबलेला! तिथं नेमकं आवाज कमी करायचं बटण. मग स्वतःच ओरडतो, “जोरात बोल, सिग्नल गेला!”

वायरलेसची सगळी वाढ त्यानं अंगावर वागवली. “पहिला सेट जीपमधी ठिवला की माणसाला जागा न्हाई. मंग खांद्यावर आला, मंग हातात वॉकीटॉकी, कमरेला पेजर, आता खिशात मोबाइल. यंत्र बारीक होत गेलं आन् मी जाड!” माणसांचेही त्यानं प्रकार पाडलेत. माझे वडील पेजर, म्हणजे सिम्प्लेक्स: निरोप आत जातो, जबाब बाहेर येत नाही. तो स्वतः वॉकीटॉकी, हाफ डुप्लेक्स: एका वेळी एकच, बोलणं नाहीतर ऐकणं. आणि मामी फुल डुप्लेक्स. “बोलून बी राहिली आन् ऐकून बी राहिली, एकाच टायमाला!” आतून लगेच मामी: “हाव, आन् माझं ऐकायला कोणता सेट हाय घरात?”

मी नांदेडला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते. रेणापूरच्या आमच्या घरात दहावीपुढं कोणी गेलेलं नव्हतं, आणि मी शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत एकदा नापास झालेली. पुन्हा नापास झाले तर सामान बांधून घरी, हे वडिलांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. माझं गाडं अडलं होतं एकाच ठिकाणी: इतके लाख लोक मोबाइलवर बोलतात, तेवढ्या फ्रिक्वेन्सी येतात कुठून? भोकरला गेले तेव्हा मामानं माझ्या हातातलं पुस्तक मिटलं.

“भोकरच्या शाळेत एक सुनीता हाय, रेणापूरच्या शाळेत दुसरी. हजेरीला घोटाळा होतो का? ओव्हर.”

“न्हाई. ओव्हर.”

“का तर लांब हायत. टॉवरचं तसंच. एकच फ्रिक्वेन्सी लांबच्या सेलला, म्हंजी दुसऱ्या टॉवरच्या हद्दीला, पुन्हा द्यायची, शेजारच्याला न्हाई. आन् तू बसनं नांदेडहून भोकरला येताना एक टॉवर तुला दुसऱ्याकडं देतो, लेकरू या कडेवरून त्या कडेवर द्यावं तसं. उतरलं का डोक्यात? ओव्हर.”

उतरलं! असं उतरलं की परीक्षेत बाहेरच्या सरांनी नेमकं तेच विचारलं, आणि मी दोन्ही सुनीता, कडेवरचं लेकरू, सगळं घडाघडा सांगून शेवटी ठणकावून म्हणाले, “ओव्हर.” सरांनी चष्मा काढला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

निकालादिवशी वडिलांच्याही आधी मामाला फोन लावला. “मामा, पास झाले! आपल्या घरातली पहिली ग्रॅज्युएट!” पलीकडून काहीच नाही. मला वाटलं लाइन तुटली. मग मामीचा आवाज आला, “अगं, तू ओव्हर म्हणली न्हाईस ना! ह्ये डोळे पुसत गप बसलेत.” मी कसंबसं म्हणाले, “ओव्हर.” तेव्हा कुठं मामा बोलला, “शाब्बास, माय.” त्या शाब्बासपुढं ओव्हर म्हणायचं मात्र त्या दिवशी तोच विसरला.

आता मी लातूरला टॉवर दुरुस्तीच्या कामावर आहे. गडबडीत ‘ठेवते’ म्हणून फोन कापते. परवा मामी म्हणाली, मी ठेवल्यावरही मामा जरा वेळ फोन कानाशी धरून बसतो. तेव्हापासून ठेवण्याआधी आठवणीनं ओव्हर म्हणते आणि त्याचं ऐकून घेते. दोघांचंही बोलणं संपलं की वायरलेसवर ‘आऊट’ म्हणायचं असतं, हेही त्यानंच शिकवलंय. पण ते तो मला कधीच म्हणत नाही.