बायकांची गाडी

केरूनानांच्या जीपमध्ये मागे बसणाऱ्याला एक काम करावंच लागतं. सगळे नीट बसले की पत्र्यावर दोनदा टणटण वाजवायचं. त्याशिवाय नाना गिअर टाकत नाहीत. सगळी नोकरी एसटीच्या ड्रायव्हरकीत गेली, रिटायर झाले, पण डबल बेल काही कानातून गेली नाही. "बेल कंडक्टरनं मारायची, गाडी ड्रायव्हरनं मारायची," असं ते म्हणतात. "आपापला काम आपण करायचा."

मी नम्रता. पालीच्या शाळेत शिकवते आणि वडिलांच्या मागे राहिलेली जुनी जीप चालवते. म्हणून आमच्या जीप मंडळात मी एकटी बाई. मंडळ म्हणजे फार काही नाही. रविवारी सकाळी आपापली खटारी घेऊन सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळमाळावर जमायचं, कातळावरून चढ-उतार करायचे, मग बोनेटवर टेकून चहा प्यायचा आणि एकमेकांच्या इंजिनाला नावं ठेवायची. विनोद आंबा बागायतदार, त्याच्या जीपला बारा महिने पेंढ्याचा वास. भिकू ग्रामपंचायतीत क्लार्क, त्याची जीप चालते कमी आणि पुसली जाते जास्त. नाना अध्यक्ष. त्यांना कुणी निवडून दिलेलं नाही, तसा प्रश्नच कधी आला नाही.

नानांची जीप खरोखर देखणी. कापडी छप्पर, दारं नाहीत, गोल डोळे, मागे समोरासमोर दोन बाकडी. तिच्यात गावातली नवरी बसली, गणपती बसले, बाळंतिणी बसल्या. बसली नाही ती एकच बाई, त्यांची बायको काशीवयनी.

वयनींना गाडी लागते. थोडीथोडकी नाही. पहिल्या वळणाला तोंड पांढरं, दुसऱ्याला लिंबू हुंगणं आणि तिसऱ्याला पिशवी. त्यांचं माहेर अंजनवेलचं, तिकडून लग्न होऊन आल्या तेव्हा वऱ्हाडाच्या एसटीत अर्धा रस्ता खिडकीबाहेर मान काढून होत्या. नाना ती गोष्ट अजून चवीनं सांगतात. "गाडी लागना म्हंजे मनाचा खेळ हाय," हे त्यांचं ठाम मत. "मन घट्ट केला की काय होत नाय." वयनी मात्र माहेरी जातात त्या लग्नाला किंवा मयताला, आणि गेल्या की पहिला दिवस आडव्याच असतात. त्यांची थोरली बहीण यमुनाबाई आता गुडघ्यांमुळे उंबऱ्याबाहेर पडत नाही. वयनी येणार असा फोन गेला की ती पडवीत चटई टाकून, उशी ठेवून तयार असते. एकदा वयनी मला म्हणाल्या, "बाई, मला एकच वाटता बगा. एकदा ताईच्या दारात माज्या पायावर चालत जावा. उलटी करीत नाय, हसत." त्यांच्या मागण्या एवढ्याच. मला तर ऐकून नानांचाच राग आला होता.

गेल्या दसऱ्याच्या आधी बातमी आली की कंपनी आमच्या जीपचं नवं मॉडेल काढणार. विनोदच्या घरापुढच्या खळ्यात टीव्ही लावून आम्ही तिच्या अनावरणाचा सोहळा बघितला. पडद्यावरचं कापड बाजूला झालं. मग जे सुरू झालं ते विचारू नका.

"दारा किती हायत ती? मोज, मोज!"

"छप्पर लोखंडी! वारा कुठनं लागायचा?"

"बाकडी गेली रे! मागचे लोक शाळेत बसल्यासारखे पुढं तोंड करून बसणार!"

"डोळे बघ. काजळ घातल्यासारखे."

मला ती आवडली होती, पण तेवढ्यात पडद्यावरच्या माणसानं सांगितलं की हिला क्लच नाही, गिअर आपोआप पडतात, आणि स्टिअरिंग एका बोटानं फिरतं. नाना ताडकन उठले.

"आपोआप? मग ड्रायव्हर काय शेंगा खातो? ही जीप नाय, ही बायकांची गाडी हाय!"

"नाना, मी काय चालवते मग? पाटा-वरवंटा?" मी म्हटलं.

"बाई, तुमची गोष्ट वेगळी," असं म्हणून नाना आणखी तापले. मंडळातल्या कुणी हे डबडं घ्यायचं नाही, असा ठराव त्यांनी तिथल्या तिथे केला आणि आवाजी मतदानानं पास करून टाकला.

इतक्यावर थांबले असते तर नाना कसले! दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आम्ही सगळ्या जीपा धुऊन, झेंडूच्या माळा घालून ग्रामदेव भैरीच्या देवळासमोर रांगेत लावतो आणि गुरव गाऱ्हाणं घालतो.

"बा भैरी म्हाराजा! ह्या तुज्या लेकरांनी आपापल्या गाड्या तुज्या पायाशी आणून लावल्या हायत!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव.

"त्येंचा ब्रेक येळेवर लागूं दे, वाटेत आडवा येईल त्येला बाजूला सार!"

"व्हय म्हाराजा!"

आणि गुरवानं श्वास घेतला त्या फटीत नाना हात जोडून ओरडले, "आनि म्हाराजा, त्या नव्या गाडीच्या स्टिअरिंगला हा केरू जन्मात हात लावणार नाय!"

गाऱ्हाण्यात वाक्य संपलं की जिभेला सवयच असते. आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

झालं. देवासमोर शब्द गेला आणि त्यावर गावाचा शिक्कासुद्धा बसला.

महिन्याभरात नवी जीप रत्नागिरीच्या शोरूममध्ये आली. आम्ही नावं ठेवायला म्हणून गेलो. वयनींना बाजारातून मासळी घ्यायची होती, त्याही एक लिंबू मुठीत धरून माझ्या जीपमध्ये पुढे बसल्या. तिथे पोचलो आणि आमच्या मंडळाची पार अब्रू गेली. विनोद सरळ गाडीखाली आडवा झाला आणि खालून ओरडला, "अरे, लोखंड हाय लोखंड! काय जाड पट्टी घातलीय!" मग मागची सीट पाडून आंब्याच्या पेट्या किती मावतील ते वितीनं मोजू लागला. भिकूनं खिशातून स्वतःचं फडकं काढलं आणि दुसऱ्याच्या गाडीचं बोनेट पुसायला घेतलं. मी तर बटणं दाबत सुटले होते. लहान पोरांसारखे झालो होतो आम्ही, खोटं कशाला बोलू!

आणि नाना? ते दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून गाडीभोवती फिरत होते. ओल्या रंगाशेजारून जावं तसे. इंजिन चालू केलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून ऐकलं. डोळे उघडले तेव्हा माणूस गेला होता कामातून.

"आवाज जुनाच ठेवलाय रे," ते हळूच म्हणाले. "वरनं कितीपन पावडर लावली तरी आतून आपलीच हाय ती."

शोरूममधली वैष्णवी त्यांना शेजारी बसवून भाट्याच्या पुलापर्यंत फिरवून आली. परत आले तेव्हा एसी चालू असूनही नानांच्या कपाळावर घाम होता. सकाळचा वडा बाधला असं त्यांनी सांगितलं. मग वैष्णवी वयनींना म्हणाली, "काकी, तुम्हीपण बसा की, फोटो काढते." वयनी कधी नव्हे त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. वैष्णवीनं बटण दाबून सीट वर-वर घेतली. वयनी काचेतून बघत राहिल्या.

"इथनं रस्ता सगळा दिसतो हो," त्या म्हणाल्या, कुणाला असं नाही.

तो फोटो मुंबईला ओमकारकडे गेला. ओमकार नानांचा मुलगा, बापासारखाच उतावळा. आईचा तो हसरा चेहरा बघून त्यानं गाडी बुकच केली. शिमग्याला घेऊन आला, अंगणात लावली, नारळ फोडला आणि पालखी नाचवून कामावर परत गेला. मागे उरली झगझगीत नवी जीप आणि शब्दात अडकलेले नाना. रोज सकाळी ते तिला पुसायचे, आरशात मिशी बघायचे, पण स्टिअरिंगपाशी आले की फडकं वयनींच्या हातात द्यायचे. त्यांची ती तगमग बघून हसावं की रडावं कळेना.

शेवटी देवाला कौल लावायचं ठरलं. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना भिजवलेले तांदूळ चिकटवले. उजवे आधी पडले तर शब्दातून सुटका, डावे पडले तर नाही. गुरवानं विनवलं, "म्हाराजा, चुकला माकला लेकरू हाय, पदरात घे!" आम्ही सगळे मान उंच करून बघत होतो. नानांचे ओठ नुसते हलत होते.

डावे पडले.

पुन्हा लावला. पुन्हा डावे.

नाना मटकन खाली बसले. आणि तेव्हा, खांबाला टेकून उभ्या असलेल्या काशीवयनी पुढे आल्या. देवाला नमस्कार केला आणि नवऱ्याकडे वळल्या.

"बायकांची गाडी म्हटलात ना तुमी? मग चालवील की बाईच. मला शिकवा."

मागून भिकू म्हणाला, "व्हय म्हाराजा!" आणि असा हशा उसळला की गुरवसुद्धा पोट धरून हसला.

शिकाऊ लायसन काढून वयनींची शाळा सड्यावर भरली. तिथे धडकायला करवंदीच्या जाळ्यांशिवाय काही नाही. नाना डावीकडे बसायचे, दोन्ही हात मांडीखाली दाबून, आणि तोंडानं सगळी गाडी चालवायचे. "ब्रेक! अगो, ब्रेक! आता सोड! सोड म्हटला ना!" आम्ही कडेला उभे राहून टाळ्या पिटायचो. पहिल्या दिवशी वयनींनी एक जाळी आडवी केली. पुढे काही दिवसांनी तोच चढ, जिथे विनोदची जुनी जीप धापा टाकते, तो त्या सरळ चढून गेल्या आणि वर जाऊन त्यांनी असा हॉर्न वाजवला की टिटव्या उडाल्या. खाली उतरल्या तेव्हा त्यांचं तोंड लाल झालं होतं.

"बाई," त्यांनी माझा हात धरला. "मला गाडी लागली नाय! एवढी वळना घेतली, पन नाय लागली!"

चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, हे मी ऐकून होते. वयनींना कुणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांच्या हातात स्टिअरिंग कोण देणार होतं? त्या दिवशी मीच त्यांच्यापेक्षा जास्त रडले.

पक्कं लायसन हातात आलं आणि वयनींनी अंजनवेलला फोन केला. पलीकडून यमुनाबाई नेहमीप्रमाणे म्हणाली, "ये, मी चटई टाकून ठेवतंय."

आम्ही तिघं निघालो. मी मागे. निघताना पत्र्यावर डबल बेल मारली ती वयनींसाठी. निवळीवरून जयगड, तिथून फेरीबोट. बोटीवर गाडी चढवायची म्हणजे कच्च्या ड्रायव्हरची परीक्षाच. खलाशी हातवारे करत होता, वयनी दात आवळून इंच-इंच पुढे घेत होत्या. चढली! बोटीवरची माणसं वळून बघायला लागली, बाई कोण आहे म्हणून. वयनींनी पदर सारखा केला आणि खाडीकडे बघत बसल्या, राणीसारख्या.

तवसाळला उतरलो आणि वळणं सुरू झाली. एक डावं, एक उजवं, चढ, लगेच उतार. वयनी मजेत होत्या, मध्येच गुणगुणतसुद्धा होत्या. माझ्या लक्षात आलं की नाना बराच वेळ काही बोललेले नाहीत. ना ब्रेक, ना सोड.

"नाना?"

"गाडी थांबव," नाना बारीक आवाजात म्हणाले.

"काय चुकला माजा?" वयनी घाबरल्या.

गाडी थांबताच नानांनी दार उघडलं आणि ते कडेच्या झुडपाशी ओणवे झाले. जन्मभर उजव्या बाजूला बसलेला माणूस, डावीकडे बसून घाट कधी केला होता त्यानं? मला हसू आवरेना, मी तोंडावर ओढणी धरली. वयनी मात्र हसल्या नाहीत. खाली उतरून त्यांची पाठ चोळली, पाणी दिलं, आपल्या पिशवीतलं लिंबू काढून त्यांच्या नाकाशी धरलं.

"मनाचा खेळ हाय," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "लांब रस्त्याकडं बगत बसा, बरा वाटेल."

अंजनवेलला पोचलो तेव्हा यमुनाबाई पडवीतच बसली होती. शेजारी चटई, उशी आणि पाण्याचा तांब्या. ड्रायव्हरचं दार उघडून बहीण खाली उतरली, तशी ती बघतच राहिली. वयनी अंगण ओलांडून ताठ चालत गेल्या, हसत, आणि बहिणीच्या गळ्यात पडल्या. दोघीही बोलत होत्या आणि कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं. त्यांच्या मागून नाना लिंबू धरून आले आणि सरळ त्या चटईवर आडवे झाले.

"ह्यांना काय झाला?" यमुनाबाई.

"गाडी लागली," वयनी म्हणाल्या. "ताई, चल. गोपाळगडापर्यंत फिरवून आणते तुला."

"माजे गुडघे, अगो..."

"गुडघ्यांनी कुठं चालवायची हाय? बस नुसती."

आम्ही दोघींनी मिळून यमुनाबाईला पुढच्या सीटवर चढवलं. तिनं सीटवरून हात फिरवला, पट्टा बघून घाबरली, मग हसली. वयनींनी इंजिन चालू केलं आणि बेलची वाट बघत थांबल्या. मी पडवीच्या पायरीवर उभी होते, गाडीचा पत्रा माझ्या हातापासून लांब.

मागे चटईवरून नानांनी हात लांब केला. तांब्या जवळ ओढला आणि बोटातल्या अंगठीनं त्याच्यावर दोनदा वाजवलं.

टण्. टण्.

गाडी सुटली.