मुक्काम वातुसेकार

काशिनाथ शेडग्यांच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असायचा. मुलीकडे ऑकलंडला येऊन त्यांना चार वर्षं झाली होती, आणि या चार वर्षांत ते न्यूझीलंडवर एकूण किती वेळा रागावले हे त्यांची बायको विमलसुद्धा सांगू शकली नसती. ज्या दुकानाला इथले लोक डेअरी म्हणतात तिथे वर्तमानपत्रापासून बॅटरीच्या सेलपर्यंत वाटेल ते मिळतं, याचा त्यांना राग. नात जुई मराठीतला प्रश्न नीट समजून घेऊन उत्तर मात्र इंग्रजीत देते, याचा राग. शेजाऱ्याने नवं कुंपण घालताना हद्दीची खूण न शोधता नुसती दोरी ताणली, त्या दिवशी तर ते जेवले नाहीत.

हा शेवटचा राग समजून घ्यायला हवा. काशिनाथ चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. साध्या भाषेत, जमीन मोजणारे. भोर, वेल्हे, पाटण हे डोंगरातले तालुके त्यांनी मोजणीची साखळी आणि नकाशा काढायचं प्लेन टेबल घेऊन पायी पालथे घातले होते. साहेब बदलले, मंत्री बदलले, पण शेडग्यांची रेघ कुणाच्या सांगण्यावरून वितभर इकडची तिकडे झाली नाही. त्यांचे नियम दोनच. जागेचं नाव नकाशावर लिहिण्याआधी गावातल्या दोन माणसांना विचारायचं. आणि चूक झालीच तर खोडरबर लावायचा नाही. तांबड्या शाईची एक सरळ रेघ, वर बरोबर शब्द, बाजूला सही आणि तारीख. यातला पहिला नियम त्यांनी आयुष्यात एकदाच मोडला, तो ऑकलंडमध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी.

त्याला कारण धैर्यशील. हा पुण्याचा पोरगा, इथे शिकायला आला आणि शिकून झाल्यावर जे मिळेल ते करत शेवटी जागा विकायला लागला. बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला आपणच हुशार आहोत असं वाटावं. २०१६च्या सुरुवातीला तो काशिनाथांकडे हाताने काढलेल्या एका नकाशाची धुरकट झेरॉक्स आणि जागेचे काही फोटो घेऊन आला. जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टेकडीतलं वातुसेकार नावाचं एक छोटं गाव. परदेशी माणसाला तिथे जमीन विकत मिळत नाही, म्हणून पंचवीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर बारा प्लॉट. ज्यांना नुसतं फिरायला जायचंय त्यांच्यासाठी आठवड्याची सहल, ज्यांना बंगला बांधायचाय त्यांच्यासाठी प्लॉट.

"काका, कम्प्युटरचे मॅप्स सगळ्यांकडे असतात," तो म्हणाला. "मला हाताने काढलेला हवाय. तुमचं अक्षर हवंय. आणि खाली तुमचं पूर्ण नाव टाकू."

चौतीस वर्षांत सरकारी नकाशाच्या कोपऱ्यात 'का. वि. शे.' एवढीच त्यांची ओळख. पूर्ण नाव कुठेच नाही. काशिनाथ विरघळले. राग नाकावर असणाऱ्या माणसांचं हेच वाईट असतं, कौतुक करणारा भेटला की ती लहान मुलासारखी होतात.

त्या झेरॉक्सवर गावकऱ्यांच्या हातचे शब्द होते. काशिनाथांनी भिंग लावून एकेक वाचला. 'मस्जिद' कळला. 'देसा' म्हणजे गाव, तो धैर्यशीलनेच सांगितला. आणि सगळ्यात वरच्या उंचवट्यावर, जिथून समुद्र दिसतो तिथे, लिहिलं होतं 'मकाम'.

"अगं, ही तर आपलीच भाषा!" काशिनाथ स्वयंपाकघरात ओरडत गेले. "मकाम! म्हणजे मुक्काम! पूर्वीच्या वाटसरूंची उतरायची जागा असणार. फोटोत बघ, चाफ्याची झाडं लावलीयत सावलीला."

विमल कणीक मळत होती. तिने वर न बघता विचारलं, "तिथल्या कुणाला विचारलंत का?"

"विचारायचंय काय त्यात? स्वच्छ लिहिलंय."

धैर्यशील तर नाचायचाच बाकी राहिला. वाटसरूंचा जुना मुक्काम! त्याने त्याच दिवशी त्या उंचवट्याला प्लॉट नंबर सात केला आणि काशिनाथांनी आपल्या सुंदर, टपोऱ्या अक्षरात तिथे इंग्रजीत 'स्टे' असं लिहिलं. भोवती सात चाफे काढले, पाकळी न् पाकळी. खाली नाव: काशिनाथ विठोबा शेडगे. त्या नकाशाचा फोटो त्यांनी साताऱ्यापर्यंतच्या सगळ्या पुतण्यांना पाठवला.

ऑकलंडच्या सँडरिंगहॅम भागात, मुख्य रस्त्यावर एका मिठाईच्या दुकानाच्या काचेवर तो नकाशा लागला. काशिनाथ रोज सकाळी फिरायला जाताना त्याच्यासमोर थांबायचे, दुकानातल्या देवाच्या मूर्तीला नमस्कार केल्यासारखं करायचे आणि पुढे जायचे. मे महिन्याच्या अखेरीला असेच थांबले तर तिथे आधीच एक बाई उभी होती. पन्नाशीची, ठेंगणी, डोक्याला रुमाल, हातात नारळांची पिशवी. काचेवर बोट टेकवून ती नकाशा वाचत होती.

काशिनाथांना राहवलं नाही. "हा मी काढलाय," ते आपल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाले.

तिचंही इंग्रजी त्याच वजनाचं. "वातुसेकार," ती म्हणाली. "माझं गाव."

काशिनाथांचा आनंद गगनात मावेना. बाईचं नाव सुलास्त्री. मनुरेवा उपनगरात एका वृद्धाश्रमात कामाला होती, पंधरा वर्षांपासून इथे. तिने सात नंबरावर बोट ठेवलं. "मकाम. इथे माझे वडील."

"हो का! राहतात तिथे?"

तिने थोडा विचार केला. "हो. झोपलेत."

"किती दिवस झाले?"

"सात वर्षं."

एवढा लांब मुक्काम काशिनाथांना जरा विचित्र वाटला, पण म्हातारा माणूस असेल, व्यवस्था बघत असेल. "जागा चांगली आहे ना?"

"चांगली. चाफ्याखाली." मग ती म्हणाली, "उपासाचा महिना येतो ना, पुआसा, त्याच्याआधी आम्ही जातो. गवत काढतो. दगड धुतो. फुलं टाकतो. यंदा मला जाता नाही आलं." आणि काचेवरच्या 'स्टे'कडे बघून तिने अगदी साधेपणाने विचारलं, "पण इथे स्टे का लिहिलंय? इथे फक्त मेलेली माणसं आहेत."

चाफा. साताऱ्याकडे समाध्यांशेजारी काय असतं? चाफाच. आयुष्यभर शेकडो स्मशानं, दफनभूम्या मोजलेल्या माणसाला चाफा दिसला आणि त्याने त्याची बाग केली! तळपायाची आग मस्तकात गेली, आणि पहिल्यांदाच ती दुसऱ्या कुणावर नव्हती. त्यांनी तिचा फोन नंबर लिहून घेतला आणि तडक धैर्यशीलचं ऑफिस गाठलं.

"अरे, चुकलं माझं," दार उघडताच ते म्हणाले. "ती मुक्कामाची जागा नाही. मकाम म्हणजे कबरस्तान. तो नकाशा आत्ताच्या आत्ता काढ सगळीकडून."

धैर्यशील शांतपणे कॉफी ढवळत होता. "बसा काका. मला माहितीय."

"काय माहितीय?"

"मी मार्चमध्ये जाऊन आलो ना साइटवर. बघितलं. वीस-पंचवीस जुने दगड आहेत. तिकडची पार्टी म्हणाली, हलवू आम्ही. नो वरीज."

"हलवू? गावाला विचारलं?"

"काका, ते बघतील ना त्यांचं. आपल्याकडे सातला सगळ्यात जास्त डिमांड आहे. ओशन व्ह्यू तिथूनच आहे." मग जरा हसून तो म्हणाला, "आणि तुमच्याच भाषेत सांगायचं तर ती जमीन पोटखराबाच की नाही? ना शेती, ना काही."

हा शब्द त्याला काशिनाथांनीच कधीतरी शिकवला होता. शेतातली जी जागा पिकत नाही ती पोटखराबा. पण त्यांनी त्याला हेही सांगितलं होतं की गावाचं सगळं त्या पोटखराब्यातच असतं. पाणंद तिथे, पाणवठा तिथे, स्मशान तिथे. पोराने बरोबर अर्धंच लक्षात ठेवलं होतं. काशिनाथांनी टेबलावर असा हात आपटला की कॉफी हिंदकळली.

"नालायका! माझं नाव आहे त्याच्यावर! काढ माझं नाव!"

"सॉर्टेड," धैर्यशील लगेच म्हणाला. "नवीन प्रिंटमधून तुमचं नाव काढतो. मग तर झालं?"

झालं, असंच काशिनाथांना तेव्हा वाटलं. घरी येऊन त्यांनी विमलला सगळं सांगितलं, पोराच्या सात पिढ्या उद्धारल्या, आणि शेवटी म्हणाले, "पण नाव काढायला लावलं मी. आता आपला संबंध संपला."

विमल तांदूळ निवडत होती. "तुमचं नाव निघालं," ती म्हणाली. "आणि तुमचा शब्द? तो तर तिथेच राहिला ना? लोक तोच वाचून जागा घेणार."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारता? मी तेव्हा विचारलं होतं, तेव्हा कणकेशी बोलत होते का मी?"

त्यावर काशिनाथ पुष्कळ ओरडले, पण आवाजात दम नव्हता. विमल खरं बोलली होती, याचा त्यांना सगळ्यात जास्त राग आला. नाव काढून घेणं म्हणजे पळून जाणं होतं. नोकरीत असली माणसं त्यांनी खूप पाहिली होती, मोजणी चुकली की सही नाकारणारी. त्यांना ते तोंडावर भेकड म्हणायचे.

बारा जूनच्या रविवारी दुपारी दोन वाजता सँडरिंगहॅमच्या एका हॉलमध्ये धैर्यशीलचा कार्यक्रम होता. थंडी मी म्हणत होती, तरी तीस-पस्तीस माणसं आलेली. बहुतेक पुण्या-मुंबईचे आयटीवाले, इंजिनिअर, त्यांच्या बायका. पुढे दाराएवढा मोठा करून तो नकाशा उभा केला होता. खालचं नाव गेलं होतं. 'स्टे' मात्र त्याच टपोऱ्या अक्षरात, हातभर मोठं झालेलं.

"किया ओरा आणि नमस्कार," धैर्यशीलने सुरुवात केली. "वातुसेकार म्हणजे एकदम अनटच्ड..."

काशिनाथ उठले. विमलही उठली, पण ती दाराशी गेली. तिथे सुलास्त्री उभी होती. सकाळी काशिनाथांनीच तिला फोन केला होता. काशिनाथ थेट नकाशाकडे गेले, खिशातून तांबडा मार्कर काढला आणि 'स्टे'वर एक सरळ रेघ मारली. वर इंग्रजीत लिहिलं, ग्रेव्हयार्ड. त्याखाली मराठीत, दफनभूमी. बाजूला पूर्ण सही. तारीख.

"काका, काय करताय!" धैर्यशील धावला. "तुमचं नाव काढलंय ना मी!"

"सहीशिवायची दुरुस्ती धरत नाहीत," काशिनाथ म्हणाले. "सरक."

हॉलमध्ये गलका झाला. चंद्रहास नावाचे एक इंजिनिअर उभे राहिले. त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, नीताने, सात नंबरासाठीच फॉर्म भरला होता. नीता धैर्यशीलवर चिडेल असं वाटलं होतं. ती काशिनाथांवर चिडली.

"तुमचं नाव बघून आम्ही सात निवडला होता हो! सरकारी माणूस आहे, चुकायचा नाही म्हणून. आणि आता सांगताय?"

एरवी काशिनाथांनी तिला चार शब्द सुनावले असते. या वेळी त्यांचा चेहरा नुसता लालबुंद झाला.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "मला वाचता आलं नाही. न विचारता अर्थ लावला मी. गाव न चालता गावाचा नकाशा काढला. चौतीस वर्षांत असल्या माणसाला मी ऑफिसात उभं केलं नसतं."

चंद्रहासांनी नकाशाकडे बघून हळूच विचारलं, "मग आठ नंबरातून दिसतो का समुद्र?"

काशिनाथांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते खाली बसले. मग त्यांनी दाराकडे हात केला. "बाई, या इकडे."

सुलास्त्री पुढे आली. तिचा उपास होता, ओठ सुकलेले होते. जो प्रश्न जानेवारीत विचारायला हवा होता तो काशिनाथांनी जूनमध्ये, सगळ्यांसमोर, मान खाली घालून विचारला.

"या जागेला गावात काय म्हणतात?"

"मकाम," ती म्हणाली.

"इथे कोण कोण आहे?"

तिने सात नंबराच्या कडेला, एका चाफ्याखाली बोट ठेवलं. "कार्सिमान. माझे वडील." काशिनाथांनी बारीक अक्षरात लिहिलं. "शेजारी तुमिरा, आजी. वर वागिमान, मशिदीत अजान द्यायचे ते. त्यांच्या पायाशी पाइजेम, सुईण. तिनेच मला बाहेर काढलं." ती डोळे मिटून बोलत होती, दगडांमधून चालत असल्यासारखी, आणि काशिनाथ लिहीत होते. पहिल्या रांगेतली खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी फॉर्म परत मागितला. सुलास्त्री थांबली. "इथे माझा भाऊ. तीन दिवसांचा. नाव ठेवायचं राहिलं."

काशिनाथांनी तिथे एक छोटा चौकोन काढला आणि तो मोकळा ठेवला.

"काका, प्लीज," धैर्यशील मागून रडकुंडीला येऊन म्हणाला, "हॉल चारपर्यंतच आहे."

"थांब," काशिनाथ मान न वळवता खेकसले. "अजून माणसं आहेत."

त्यांनी मार्करचं टोक पुन्हा कागदाला लावलं. सात नंबरात आता बोट ठेवायलाही जागा उरली नव्हती, आणि सुलास्त्री अजून सांगतच होती.