तळघराच्या जिन्यात

"ऊठ! जिन्यात काय म्हशीसारखा बसलायस? पाहुणे यायची वेळ झाली. ड्राइव्हवेवरचा बर्फ काय मी काढू?"

काका वरच्या पायरीवरून ओरडत होते. त्यांच्याकडे सत्यनारायण. मी तळघराच्या जिन्यात मधोमध, मांडीवर फावडं. अमेरिकेत, ॲन आर्बरला शिकायला आलेल्या गरीब मराठी पोराला तळघरात फुकट ठेवायचं, बदल्यात बर्फ, गवत, भांडी. हा त्यांचा परोपकार. दर पाहुण्याला सांगत, माझ्यादेखत.

मी थकलो होतो. तुम्ही थकता तसा नव्हे. पापणी उचलायला क्रेन मागवावी लागायची. अंघोळ केली की अंघोळीचा शीण घालवायला झोपायचो, आणि उशीवरून डोकं उचलेपर्यंत बाहेर ऋतू बदललेला असायचा. लॅबमध्ये हे सांगितलं की पोरं हसायची. मग पोटात कळ यायची. संडासात रक्त. त्याची थट्टा मला कधी जमली नाही.

मागच्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं. अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्यात जखमा. "थकवा ह्या आजाराचाच आहे, तो आळस नाही," म्हणाल्या. किती दिवस, विचारलं. सांगता येत नाही. रक्त असंच जात राहिलं तर ॲडमिट व्हावं लागेल.

हे घरात सांगितलं होतं. काकूंनी ताक दिलं. वेगळ्या पेल्यात. तळघरात संडास नव्हता, आणि वरचा देवघराला लागून. सकाळीच त्यांनी बजावलं, "आज पूजा आहे. सारखा वर येऊ नकोस हं. गॅस स्टेशनच्या संडासात जाऊन येत जा."

बर्फातून. त्या पोटानं.

म्हणून अर्ध्या जिन्यात. वर बंदी. खाली काळोख. आणि आत काहीतरी थेंबाथेंबानं मला रिकामं करत होतं.

"काका, अंगात ताकद नाही. डॉक्टर म्हणाल्या..."

"डॉक्टरांना काय जातंय. तुम्हा लोकांना सगळं आयतं लागतं. तिकडे सीट आयती, इकडे छप्पर आयतं. आणि आता म्हणे थकवा."

तुम्हा लोकांना.

माझा बाप तापानं फणफणत असताना गावानं त्याला मेलेलं ढोर ओढायला लावलं होतं. नाटकं करतो, म्हणाले होते. ते वाक्य माझ्या आधी विमानात बसून मिशिगनला पोचलं होतं. तेही खिडकीजवळच्या सीटवर.

मी उठलो. कठडा धरत एकेक पायरी चढलो. मांडलेल्या चौरंगाशेजारून गेलो, संडासात शिरलो, आतून कडी लावली. काका दार बडवत होते. लागला तेवढा वेळ बसलो. रक्त कालच्यापेक्षा जास्त होतं.

बाहेर आलो तेव्हा काकू पदर सावरून भिंतीला चिकटल्या होत्या.

"फावडं जिन्यात आहे," मी म्हणालो. "ते मी उचलणार नाही. आणि माझा आजार खरा आहे हे ह्यापुढं कुणाला पटवत बसणार नाही."

मी जाकीट घातलं.

"ह्या थंडीत जाणार कुठं?" काकांनी विचारलं.

"बसस्टॉपवर. तिथं बाक आहे. बसलेल्याला कुणी ऊठ म्हणत नाही."