हॉलंडमध्ये आप्पांची वाट पाहताना

हॉलंडला जायचं आमच्या डोक्यातही नव्हतं. नव्वदच्या दशकाचा मध्य, आम्ही मिशिगनमधल्या ट्रॉयला राहत होतो. मार्च संपत आला होता, पार्किंग लॉटच्या कडेचे बर्फाचे ढीग काळे पडले होते आणि मी उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाला जायचे बेत करत होतो. एका रविवारी सकाळी अनघाचा पुण्याला फोन चालू होता. फोन ठेवून ती म्हणाली, "आप्पा हॉलंडला निघालेत. कंपनीचं ट्रेनिंग आहे, तीन आठवडे."

आप्पा म्हणजे अनघाचे वडील. पुण्यात पंपांच्या कारखान्यात डिझाइन विभागात होते. मी नागपूरचा, बौद्ध. अनघा पुण्याची, ब्राह्मण घरातली. आमच्या लग्नाला आप्पा आले नव्हते. त्यानंतर सहा वर्षं त्यांनी लेकीशी बोलणंच टाकलं होतं. फोन चुकून त्यांनी उचलला, तर एक शब्द न बोलता सासूबाईंच्या हातात द्यायचे. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. आमची यशोधरा पाच वर्षांची झाली होती आणि तिचे एक आजोबा तिला फक्त फोटोतून माहीत होते.

"आपण जाऊ या हॉलंडला," मी म्हणालो.

"वेडा आहेस का? आणि आप्पा भेटलेच नाहीत तर?"

"नाही भेटले तर ट्यूलिप बघू."

कॅलिफोर्निया कॅन्सल केलं. ज्यांना हा प्रवास करायचाय त्यांना सांगतो: भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसाचं काम सगळ्यात आधी काढा. आम्हाला त्यासाठी शिकागोला खेप घालावी लागली. एप्रिलचा शेवटचा आठवडा निवडा. फुलं भरात असतात आणि गर्दी अजून सोसवण्याइतकी असते. डेट्रॉइटहून ॲमस्टरडॅमला थेट विमान होतं. निघण्यापूर्वी अनघाने सगळ्या मुक्कामांचे फोन नंबर सासूबाईंना सांगून ठेवले. "मी त्यांच्या बॅगेत टाकते," त्या म्हणाल्या, "पुढचं त्यांच्यावर."

ॲमस्टरडॅमच्या विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे. बॅगा ओढत खाली उतरलं की वीसेक मिनिटांत शहरात. आमचं हॉटेल एका कालव्याच्या काठी होतं. घरं उंच, अरुंद आणि जिने असे खडे की मी बॅग डोक्यावर घेऊन चढलो आणि मागून यशू ओरडत राहिली, "बाबा, डोन्ट फॉल ऑन मी!" तिथे लिफ्टची चौकशी आधी करा, नाहीतर सामान कमी न्या.

पहिले तीन दिवस आम्ही नुसते भटकलो. हॉलंड हा घाई करण्याचा देश नव्हेच. पुलावर उभं राहावं, खालून होडी जाऊ द्यावी, मग पुढचा पूल गाठावा. कागदाच्या कोनातले बटाट्याचे गरम काप शेंगदाण्याच्या सॉससोबत मिळतात, ते आम्ही जेवण म्हणून खाल्ले. इंडोनेशियन खानावळी मात्र सोडू नका. एका थाळीत बारा-पंधरा वाट्या येतात, आणि त्यातल्या एका वाटीतली तिखट चटणी चाखून अनघा म्हणाली, "पुणं चार हजार मैल जवळ आलं बघ."

पण संध्याकाळी हॉटेलवर परतलो की तिची पावलं आधी काउंटरकडे वळायची. "एनी मेसेज फॉर अस?" काउंटरवरचा म्हातारा मान हलवायचा. तिसऱ्या दिवशी ती विचारायच्या आधीच त्याने मान हलवली, आणि अनघा हसली. तिचं ते हसू मला अजिबात आवडलं नाही.

चौथ्या दिवशी हार्लेमला गेलो. स्टेशनवरच सायकली भाड्याने मिळतात, मुलांसाठी मागे खुर्ची लावून देतात. नकाशा घेऊन आम्ही दक्षिणेला, ट्यूलिपच्या शेतांकडे निघालो. रस्ता सपाट आहे असं सगळे सांगतात, वाऱ्याचं कुणी सांगत नाही. मायदेशातला चढ परवडला, तो कुठेतरी संपतो तरी! धापा टाकत एका वळणावर आलो आणि समोर लाल, मग पिवळा, मग पुन्हा लाल पट्टा, थेट क्षितिजापर्यंत. यशूने दोन्ही हात वर केले. अनघा सायकल आडवी टाकून बांधावर बसली.

"बाग असेल असं वाटलं होतं," ती म्हणाली. "हे तर शेत आहे. कापूस लावावा तसं लावलंय." मग यशूकडे बघत म्हणाली, "मिलिंद, आता मी मेसेज विचारणार नाही. उरलेली सुट्टी आपली तिघांची."

आणि तिने तो शब्द पाळला. म्हणून डेल्फ्टला पोचल्यावर, जिथे उतरलो त्या घराच्या घरमालकीण बाईंनी आपणहून निरोप दिला, तेव्हा ती जिन्यातच खाली बसली. आप्पांचा निरोप एवढाच: शनिवारी दुपारी स्टेशनवर येतो.

डेल्फ्ट हे छोटं, शांत गाव. कालव्यांच्या काठाला लिंडनची झाडं, चौकात शनिवारचा बाजार, आणि जुन्या चर्चचा मनोरा खरोखरच कलंडलेला. "इट्स फॉलिंग!" म्हणत यशू त्याच्याखालून पळत सुटली. बाजारात गरम तव्यावरची पाकातली पातळ बिस्किटं घ्या, पाकीटबंद घेऊ नका. त्या दिवशी अनघाने एकही खाल्लं नाही.

गाडीतून आप्पा उतरले. मी धिप्पाड, करारी माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता. उतरले ते बारीक, किंचित वाकलेले गृहस्थ, अंगात हाताने विणलेला स्वेटर, खांद्याला कापडी पिशवी. अनघा वाकून नमस्कार करायला गेली, त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं आणि हात काढायला विसरले.

"बारीक झालीस," ते म्हणाले.

"आर यू माय आजोबा?" यशूने विचारलं.

"येस. आय ॲम," आप्पा एखाद्या मुलाखतीत द्यावं तसं उत्तर देऊन म्हणाले, "मराठी येतं का तुला?"

"समजतं. बट आय स्पीक इंग्लिश."

पिशवीत सासूबाईंनी दिलेला चिवडा, मेतकूट आणि एक परकर-पोलकं होतं. परकर यशूच्या गुडघ्याच्या जरा खालीच थांबला. "फोटोवरून अंदाजाने शिवलं," आप्पा पुटपुटले. म्हणजे पुण्याहून निघतानाच भेटायचं ठरलं होतं. इथे आल्यावर आठ दिवस लागले ते फोन उचलायला.

माझ्याशी ते एवढंच बोलले: "प्रवास ठीक झाला?" मी हो म्हणालो. त्यानंतर दुपारभर प्रत्येक गोष्ट अनघामार्फत. चौकात सफरचंदाची मोठी धिरडी खायला बसलो, तेव्हा मी त्यांच्या समोरच्याच खुर्चीत होतो.

"यांना विचार, परतीची गाडी किती वाजता आहे."

अनघाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत विनवणी होती, आजचा दिवस सांभाळून घे. मला ते जमलं नाही.

"मला मराठी येतं," मी म्हणालो. "मलाच विचारा."

आप्पांनी सुरी खाली ठेवली. मला वाटलं, उठून जाणार. अनघालाही तेच वाटलं असावं, कारण तिने त्यांच्या पिशवीवर हात ठेवला.

"परतीची गाडी किती वाजता आहे?" त्यांनी मला विचारलं.

"दर अर्ध्या तासाला आहे. पण उद्या आम्ही किंडरडाइकला जातोय, पवनचक्क्या बघायला. तुमचं क्षेत्र आहे. राहिलात तर बरं होईल."

खरं सांगतो, मी ते मनापासून म्हणालो नव्हतो. तोंडातून निघून गेलं. पण यशूने लगेच त्यांची बाही ओढली, "स्टे ना, आजोबा!" आणि घरमालकीण बाईंकडे वरची खोली रिकामी होती.

किंडरडाइकला रॉटरडॅमहून बस जाते. तेव्हा पट्ट्यांचं लांब तिकीट असायचं, ड्रायव्हर जितकं अंतर तितक्या पट्ट्यांवर शिक्का मारायचा. खाण्याचं सोबत न्या, तिथे फारसं काही मिळत नव्हतं. आम्ही चिवडा नेला होता. बांधावर चढलो आणि दोन्ही बाजूंना कालवे, त्यांच्या काठाने ओळीने एकोणीस पवनचक्क्या. वारा असा की बोलायचं तर शेजारी उभं राहावं लागे.

एक चक्की आतून पाहता येते. भिंतीतल्या कपाटांत झोपायच्या जागा, चुलीभोवती काळवंडलेलं लाकूड. यशूने विचारलं, हे दळतात काय? आप्पांचा चेहराच बदलला. गुडघ्यावर बसून त्यांनी तिला सांगितलं की ही चक्की काही दळत नाही, पाणी उपसते. इथली जमीन नदीपेक्षा खाली आहे. मोठं चाक पाणी वर ढकलतं, वरच्या कालव्यात, तिथून नदीत. उपसणं थांबलं की हे सगळं बुडालं.

"आता काम ते करतात," मी नव्या पंपघराकडे बोट दाखवलं. तिथे माणसापेक्षा उंच, जाडजूड लोखंडी स्क्रू तिरके बसवले होते.

"स्क्रू पंप! इथे?" आप्पा जवळजवळ धावले. कठड्याला टेकून मला म्हणाले, "नेहमीचा सेंट्रिफ्यूगल पंप का नाही बसवला सांगा."

मी तेव्हा गाड्यांच्या इंजिनांचे पाण्याचे पंप करणाऱ्या कंपनीत होतो. "उंची कमी, पाणी भरपूर, आणि सोबत गवत, कचरा, मासे. तुमच्या पंपातलं इम्पेलरचं चाक तुंबेल."

"तुंबेल काय म्हणता! आमचा नाही तुंबत." आणि अर्धा तास आम्ही भांडलो, एफिशियन्सीवरून. अनघा आणि यशू कंटाळून होडीकडे गेल्या. आप्पा मोठ्याने हसले एकदा. मग त्यांच्या लक्षात आलं की ते हसताहेत आणि कुणाबरोबर.

"लोक काय म्हणतील, असं मी तेव्हा म्हणत होतो," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "खरं तर लोकांनी मला काहीच विचारलं नाही. मीच म्हणत होतो. आता तुम्हाला तोंड कसं दाखवावं, यातच सगळी वर्षं गेली."

मी या वाक्याची सहा वर्षं वाट पाहिली होती असं नाही. पण ऐकल्यावर कळलं, की ते माझ्यासाठी पुरेसं होतं आणि तरीही पुरेसं नव्हतं.

"माझं सोडा," मी म्हणालो. "लग्नाआधी माझे वडील तुमच्याकडे आले होते. नागपूरहून, रात्रभर प्रवास करून. शाळेचे हेडमास्तर होते ते. तुम्ही त्यांना दारातूनच परत पाठवलंत. पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, सोबत गेलेल्या काकांनी सांगितलं. मी तुम्हाला सासरे म्हणून मान देईन, यशू तुमची नात आहेच. पण हे मी मिटवू शकत नाही. ते त्यांचं आहे."

वाऱ्याने त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, माझ्याही. कठड्यावरचा हात न काढता त्यांनी विचारलं, "कुठे राहतात ते नागपूरला?"

मी पत्ता सांगितला. त्यांनी तो एकदा पुन्हा म्हणून घेतला.

संध्याकाळी रॉटरडॅमच्या प्लॅटफॉर्मवर अनघा त्यांना बिलगून रडली. ते तिच्या डोक्यावर थोपटत राहिले. गाडी सुटताना मला म्हणाले, "मिलिंद, गाडीच्या पंपाचं सील कुठलं वापरता ते कळवा." पहिल्यांदाच त्यांनी माझं नाव घेतलं.

उरलेले दोन दिवस आम्ही गाउडाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी काढले. न्याहारीला चीज, संध्याकाळी गाईंमागून चालणं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा दुपारी झोपलो. शहरांपेक्षा हे महत्त्वाचं समजा. वाचकांना माझा एकच सल्ला की बेतात एखादा दिवस पूर्ण मोकळा सोडा. काय येऊन बसेल सांगता येत नाही.

ट्रॉयला परतलो, गवत हिरवं झालं होतं, सोमवारी कामावर गेलो. रविवारचा फोन उचलला तर आता आप्पा तो लगेच सासूबाईंच्या हातात देत नव्हते. हवापाणी, यशूची शाळा, एवढंच बोलायचे, पण बोलायचे. नागपूरचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. एवढंच मिळायचं असेल, असं मी धरून चाललो होतो.

दिवाळीनंतर एका सकाळी नागपूरहून दादांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला.

"तुझे सासरे येऊन गेले काल," ते म्हणाले.

मी अनघाला खूण केली. तिने धावत जाऊन आतला फोन उचलला.

"काय म्हणाले?"

"दारातच उभे राहून बोलायला लागले. तुम्ही आला होतात तेव्हा माझी चूक झाली, असं. म्हटलं, गुरुजी असतो तर हात पुढे करा म्हणालो असतो, आता रिटायर झालो, आत या." दादा हसले. "जेवले. तुझ्या आईच्या वडाभाताची तारीफ करून राहिले होते. मग मला म्हणाले, जावई माणूस सरळ आहे तुमचा. मी म्हटलं, माझा मुलगा आहे तो, जावई तुमचा."

आतल्या खोलीतून अनघाचा आवाज आला, फोनमधूनही आणि भिंतीतूनही. "दादा, पण आप्पांनी मला सांगितलंच नाही!"

"सांगण्यासारखं काय आहे त्यात, पोरी," दादा म्हणाले. "माणूस माणसाला भेटायला आला होता. पुढच्या महिन्यात मी चाललो पुण्याला."