अंड्याच्या आतला पडदा

शाळेत मी मुलांना जिभेच्या संयमाचे श्लोक शिकवीत असे आणि मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या खोलीचे दार लावून स्पिरिटच्या दिव्यावर अंडी उकडीत असे. हा दोष मी फार वर्षे लपवला. त्याचे फळ दामूमास्तरांनी भोगले.

मास्तर रामघाटावर एकटे राहत आणि आमच्या शाळेत विज्ञान शिकवीत. निसर्गाने पातळ पडदा ओढलेला दिसला की तिथे त्यांचे मन गुंतलेच. भूछत्र उलटे करून ते दांड्याभोवतीची फाटकी झालर दाखवीत. कोवळेपणी तोच पडदा छत्राला खालून झाकून होता. कबुतराच्या डोळ्यावरून सरकणारी तिसरी पापणी पाहायला ते अख्खा वर्ग पंचगंगा घाटावर नेत. अंडे सिरक्याच्या आंबट पाण्यात ठेवून कवच विरघळवीत आणि उरलेली मऊ पिशवी खिडकीशी धरीत. कोणी बोट पुढे केले की म्हणत, "भैया, टोचू नका. उजेडाला धरा, सगळं दिसतं."

शाळा तपासायला आलेल्या गोऱ्या इन्स्पेक्टराला हा प्रयोग आवडला होता, म्हणून प्रयोगाची अंडी आमच्या ब्राह्मण मंडळींनी सोसली होती. खाल्लेली सोसणे शक्य नव्हते. एके दिवशी त्या खोलीत माझी टरफले सापडली आणि सर्वांनी मास्तरांकडे पाहिले. त्यांनी एक टरफल उजेडाला धरले, आतला पडदा पाहिला आणि आळ स्वतःवर राहू दिला.

बाहेर गल्लीत मला म्हणाले, "शास्त्रीजी, सिरक्यात कवच उरत नाही. ही उकडलेली होती."

"असं का?" मी विचारले. अज्ञानाचा इतका सुरेख अभिनय मला पुन्हा जमला नाही.

"ओठाला मीठ लागलंय, पुसून घ्या. तुमच्या घरी वडील आहेत. माझ्या घरी विचारणारं कोण?"

तेव्हापासून पंगतीत मास्तरांचे पान दाराशी, वेगळे पडू लागले. वडील होते तोवर खरे न सांगायला मला वडिलांचे कारण होते. ते गेल्यावर मुलीच्या लग्नाचे सापडले. पुढे कारणाचीही गरज वाटेनाशी झाली. मास्तर दिसले की नमस्कार करीत, आणि मी नकळत ओठ पुशी.

परवा ब्रह्माघाटावर नातवाची मुंज झाली. माझ्या म्हाताऱ्या काकांनी सवयीने सांगितले, "मास्तरांचं पान अलग मांडा." मी तूप वाढत दाराशी पोहोचलो. मास्तर म्हणाले, "थोडंच हं, शास्त्रीजी."

"काका, ती अंडी मी खाल्ली होती," मी मागे वळून म्हणालो. माझा आवाज मुळात बारीक आणि काकांना कमी ऐकू येते. त्यामुळे हे वाक्य मला पुन्हा, ओरडून म्हणावे लागले. पंगतीतले हात थांबले.

मग तुपाचे भांडे खाली ठेवून मी त्या पानासमोर बसलो.

"मास्तर, मीच खाल्ली. मीठ लावून. आणि तुम्हाला इतकी वर्षं दाराशी बसवलं. मला क्षमा करा."