खारफुटीतलं लाल झाड

"गुर्जी, आमचे हे गेले..." सुमनचा फोन आला तेव्हा मी दुधाची वाट बघत होतो. तिचा नवरा, कडावचा बबन, माझा जुना विद्यार्थी. रोज सकाळी धार काढली की पहिलं दूध माझ्याकडे घालणारा. हृदय बंद पडलं म्हणाले. दीड महिना झाला, तरी मला आठवतो तो हात उडवत, उभ्या उभ्या बोलणारा बबनच.

गेल्या वर्षी तो त्रिनिदादला, नर्स असलेल्या लेकीकडे दोन महिने राहून आला. भूगोलाच्या तासाला ते बेट मी 'ऊस आणि समुद्रकिनारा' एवढ्यावर उरकलं होतं. बबननं माझीच शिकवणी घेतली! तिकडे उजाडलं की आमच्या दुपारच्या चहाला त्याचा फोन. "गुर्जी, अंगठ्याएवढं पाखरू हाय, हवेत एका जागी थांबून मध पितंय! डोंगरात आपल्या पांगाऱ्याचा भाऊ फुललाय, नुसता जाळ! फांदीवर साप वेटोळं घालून झोपलाय, आन् खालनं आमची होडी!" चहा गार व्हायचा. पंचाहत्तरीतला मी, पण उद्याच विमानात बसावंसं वाटायचं.

परत आल्यावर टपरीवर त्यानं खरी गोष्ट काढली. संध्याकाळी खारफुटीत लालभडक शराटी पक्षी थव्यानं उतरतात, आणि हिरवं झाड बघता बघता लाल होतं! मी हसलो. "अरे, शराटी पांढरे नाहीतर काळे. तू रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो पाहिलेस."

"चोच इळ्यागत वाकडी व्हती, गुर्जी..."

"रोहितच!"

चारचौघांत गुरुजींचा शब्द खोडायचा नाही, ही आमच्याकडची रीत. "तुमी म्हंता म्हंजी तसंच आसंल," म्हणून तो म्हशींकडे निघून गेला. नंतर त्यानं त्रिनिदादचं नावही काढलं नाही. पुढे मी पक्ष्यांचं पुस्तक उघडलं. बबन बरोबर होता. उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिलो. रोज सकाळी तो दारात यायचा आणि मी दूध घेऊन आत वळायचो. गुरुजीपणा आडवा यायचा, दुसरं काय!

परवा त्याच्या गोठ्यात गेलो. सुमननं त्याचा मोबाइल पुढे केला. होडी हलत होती, समोरचं झाड फांदी-फांदीनं लाल होत होतं, आणि बबन ओरडत होता, "बघा गुर्जी, बघा! तुमच्यासाठीच काढतोय!"

"हे मला दाखवलं का नाही गं त्यानं?"

"दाखवणार व्हते. मंग म्हनले, ऱ्हाऊ दे... गुर्जी खोटे पडतील."

मी तिथंच, म्हशींसमोर, मोठ्यानं म्हणालो, "शराटीच रे बबन. शराटीच!"