जोडीदाराचा रकाना

चर्चच्या मंडळीत तिला सगळे यादीबाई म्हणत. शाळेच्या कचेरीतून ती निवृत्त झाली तेव्हा पाळकसाहेबांनी स्वयंसेवकांची यादी तिच्याकडे सोपवली, आणि बाईने अठरा वर्षं ती अशी चालवली की भल्याभल्यांना घाम फुटला. यादीत दोन रकाने. एक करणाऱ्याचा, दुसरा जोडीदाराचा. बाकं पुसणं असो, गाणी लावणं असो, आजाऱ्यांना भेटणं असो, प्रत्येकाच्या बाजूला शिकणारं माणूस हवंच. "एकट्याने काम करणारा सेवा करत नाही, मक्तेदारी करतो," हे ती तोंडावर सांगायची. नावं पेन्सिलीने लिहायची, कारण माणसाचा काही नेम नाही.

पेनाने एकच नाव होतं. तिच्या नवऱ्याचं. तो घड्याळं दुरुस्त करायचा म्हणून सगळ्यांचा घड्याळजी, आणि दर रविवारी उपासनेच्या वेळी दाराशी उभा. त्याच्यापुढचा जोडीदाराचा रकाना कायम कोरा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. वर्षापूर्वी डॉक्टरांनी त्याच्या छातीचं दुखणं सांगितलं, त्या महिन्यातही बाईने पेनच उचललं.

घड्याळजी मंगळवारी गेला. गुरुवारी त्याला मूठमाती दिली. सगळे रडले, हिला रडू आलं नाही. काहीच वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचंही वाईट वाटत नव्हतं. शनिवारी सवयीने तिने पुढच्या महिन्याची यादी लिहायला घेतली. दाराच्या ओळीत पेनाने त्याचं नाव लिहून झालं, शाई वाळली, तेव्हा तिच्या लक्षात आलं.

तेवढ्यात पाळकसाहेबांचा फोन आला. "बाई, उद्या दाराचं मी बघतो."

"तुम्ही उपदेश करणार की दार धरणार?" ती म्हणाली. "मी उभी राहते."

तिच्या यादीत पहिल्यांदाच भोक पडलं होतं, आणि ते तिनेच पाडलं होतं. एवढं एक तिला कळत होतं.

रविवारी ती अर्धा तास आधी पोचली. दार उघडं होतं आणि तिथे इस्त्रीवाली उभी होती. कधी शब्दाला शब्द न बोलणारी बाई. तिने काठी घेऊन आलेल्या आजींना बाकाच्या कडेची जागा दिली, ऐकू न येणाऱ्या मास्तरांना उजवीकडे पुढे बसवलं. अगदी घड्याळजी बसवायचा तसं.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"काकांनी. वर्ष झालं. तुम्ही आत बाकं बघत असायचात ना, तेव्हा." इस्त्रीवाली पदराशी चाळा करू लागली. "तुमच्या कानावर घालू नको म्हणाले."

"का?"

"म्हणाले, तुझी काकू माझं नाव पेनाने लिहिते. शेजारी दुसरं नाव आलं तर तिच्या जिवाला लागेल."

 यादीबाईने पिशवीतून यादी काढली. त्याचं नाव खोडलं नाही. खाली पेन्सिलीने इस्त्रीवालीचं लिहिलं. जोडीदाराच्या रकान्यात स्वतःचं.

"दाखव, दार कसं उघडायचं."

इस्त्रीवालीने दार लावून घेतलं आणि तिचा हात कडीवर ठेवला. "डावी फळी बसलीय, काकू. आधी जरा उचलायची, मग ढकलायची."

बाईने उचललं, ढकललं. फळी जमिनीला घासली आणि अर्ध्यावर अडली. अठरा वर्षांत हे दार तिला एकदाही स्वतःच्या हाताने उघडावं लागलं नव्हतं.